सोलकढी की अँटासिड, खोबरेल की गोळी?

कोकणात गरोदर बाईला सल्ल्यांची वानवा नसते. घरातून सुंठ, सोलकढी, खोबरेल. दवाखान्यातून जेल, गोळ्या, पट्टा. दोन्हीकडे तथ्य आहे, पण त्रासागणिक पारडं बदलतं.

मळमळ असेल तर आधी घरचंच करून बघा. उठल्या उठल्या चहा नको. अंथरुणातच मूठभर कुरमुरे खा, मग सावकाश उठा. दिवसभर थोडं थोडं खा, मधूनमधून आल्याचा तुकडा चघळा. आपल्याकडची खरी पंचाईत मासळीची. बांगडा तव्यावर पडला की घरभर वास आणि पोटात ढवळायला सुरुवात. त्या दिवसांत मासे दुसऱ्या कुणीतरी करावेत. एवढ्यावर भागलं नाही तर डॉक्टर डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. ती गरोदरपणात सुरक्षित मानली जाते, फक्त गुंगी येते. मात्र पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर आलं-सुंठ बाजूला ठेवून दवाखाना गाठा. सलाईन लागू शकतं.

छातीत जळजळ झाली की सगळे सोलकढी प्यायला सांगतात. ही जळजळ होते कशी, तर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावते आणि पुढे वाढतं गर्भाशय जठराला वर रेटतं. सोलकढीतलं आमसूल आंबट, वर लसूण आणि हिरवी मिरची. एखादीला सोसतं, एखादीची आग वाढते. माझं मत: दुपारी वाटीभर, मिरची-लसूण न घालता घ्या, रात्री अजिबात नको. त्यापेक्षा रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकणं आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवणं जास्त कामाचं. अँटासिड जेलने आराम लवकर पडतो. डॉक्टरांना विचारून घ्यायला हरकत नाही, फक्त लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. खायच्या सोड्याची चिमूट मात्र नको, त्यातून नको तितकं सोडियम पोटात जातं.

बद्धकोष्ठतेत बऱ्याच जणी चुकीची निवड करतात: लोहाची गोळीच बंद करतात. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि ती चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस घ्यायची असते. तिच्यामुळे शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. कॅल्शियमची वेळ वेगळी ठेवा. पोट साफ होण्यासाठी भरपूर पाणी, नाचणीची भाकरी, पालेभाजी. तेवढ्याने जमलं नाही तर इसबगोल. आजी एरंडेल सुचवेल. त्याला ठाम नाही म्हणा, कारण त्याने कळा सुरू होऊ शकतात.

कंबरदुखीत पट्टा घेण्याआधी विळी सोडून बघा. जमिनीवर विळीवर बसून, वाकून नारळ खवणं म्हणजे कंबरेला दुखणं देणंच. ओट्यावर बसवायची खवणी मिळते. भातलावणीचं वाकायचं कामही या वर्षी दुसऱ्यांवर सोपवा. झोपताना कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. दुखणं सहन होईना तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन किंवा घरात पडलेली कुठलीही अंगदुखीची गोळी आपणहून घेऊ नका.

पोटऱ्यांत गोळा आला तर पाय लांब करून चवडा आपल्याकडे ओढा. लगेच सुटतो.

पायांची सूज ही मात्र नीट निरखायची गोष्ट. उकाड्यात संध्याकाळी घोटे सुजणं, पाय वर करून पडल्यावर उतरणं, हे नेहमीचं. खारा बांगडा, सुकट, लोणचं कमी करा, पाणी कमी करू नका. खोबरेल हलक्या हाताने चोळायला हरकत नाही. पण एकच पाय सुजला, लाल झाला, दुखू लागला तर चोळणं थांबवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. वीस आठवड्यांनंतर चेहरा किंवा हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर तो रक्तदाबाचा धोकादायक प्रकार असू शकतो. घरगुती उपायाने तो ओसरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे रक्तदाब मोजतात. पण ही लक्षणं दिसली तर ९ तारखेची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी निघा.