संमोहन खरं असतं, म्हणूनच ९९,०८८ रुपये गेले

संमोहनाचे वर्ग घेणाऱ्या एकाच्या हॉलमध्ये आम्ही गेलो आणि फसलो. आधी रक्कम. प्रवेशिका १९९. तीन दिवसांचा प्राथमिक संमोहन वर्ग १८,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,८३०. त्यापुढचा गतजन्माचा वर्ग ४२,०००, जीएसटीसह ४९,५६०. झोपताना ऐकायच्या ऑडिओंचा संच ६,४९९. वैयक्तिक बैठका सहा, प्रत्येकी ३,५००, एकूण २१,०००. माणशी बेरीज ९९,०८८ रुपये. पावतीवर जीएसटीची रक्कम ठळक छापलेली, पण पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक कुठेच नाही. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पैसे देण्याआधी बघा. नंतर बघून फक्त रक्तदाब वाढतो.

हॉटेलचा हॉल, स्वस्त प्रवेश, माइकवर रडणारे जुने विद्यार्थी, ‘सवलत आज रात्री बारापर्यंतच’ हा सगळा नमुना पाठ झालेला आहे, तो उगाळत नाही. लोक विचारतात, शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, फसलात कसे? कारण व्यासपीठावर जे दिसलं त्यातलं बरंच खरं होतं. भोंदू बाबा असता तर पहिल्या पाच मिनिटांत उठून आलो असतो.

पण ती पाच मिनिटंच आता डोक्यातून जात नाहीत. हॉलमध्ये १४० खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. सगळ्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायला लावली, तर्जन्या सरळ वर, मध्ये इंचभर फट. ‘बोटं जवळ येतायत, चुंबकासारखी खेचली जातायत.’ येणारच! त्या पकडीत तर्जन्या लांब ठेवायला स्नायूंना ताण द्यावा लागतो, तो सुटला की त्या आपोआप मिटतात. कुणी काही न बोलताही मिटतात. मग डोळे मिटून, बुबुळं वर कपाळाकडे वळवून, ‘आता पापण्या उघडून दाखवा’. नजर तशीच वर ठेवली तर पापण्या उघडणं मुळातच अवघड. हात डोक्यावर ताणून, बोटं घट्ट अडकवून ‘आता सोडवा’ हा प्रकार तसाच. कोपरं ताठ आहेत तोवर पकड पटकन सुटत नाही. यात संमोहन नावालाही नाही, निव्वळ शरीररचना आहे.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक चाचणीनंतर ‘ज्यांना जोरदार जाणवलं त्यांनीच उभं राहा’ असं सांगत सांगत शेवटी आठ जण व्यासपीठावर गेले. एकाला मोजताना सात हा आकडा आठवेना, एकीने लिंबू गोड म्हणून चोखलं. सगळा हॉल त्या आठांकडे बघत राहिला. खाली बसलेल्या १३२ जणांकडे कुणी बघितलं नाही. सगळी फसवणूक त्या गाळणीत होती, ती डोळ्यांदेखत चालू होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

संमोहनाला मिळणारा प्रतिसाद माणसागणिक वेगळा असतो, हे जुनं ज्ञान आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी १९५९ साली त्यासाठी १२ कसोट्यांची मोजपट्टी तयार केली. साधारण १० ते १५ टक्के माणसं खूप प्रतिसाद देतात, जवळपास तेवढीच अजिबात देत नाहीत, बाकीची मधली. आणि हा गुण सहसा बदलत नाही. २५ वर्षांनी त्याच माणसांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा गुण बऱ्याच अंशी तसेच निघाले होते. ‘आमच्या वर्गात प्रत्येकाला खोल संमोहनात नेतो’ असं जो म्हणतो त्याला एवढंच विचारा: कोणत्या मोजपट्टीवर, आणि वर्गाच्या आधीचे गुण कुठे आहेत?

त्या आठ जणांनी नाटक केलं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. जास्त प्रतिसाद देणाऱ्या माणसाच्या मेंदूत सूचनेमुळे खरोखर फरक पडतो. मॉन्ट्रियलमध्ये १९९७ साली पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी लोकांचे हात वेदना होईल इतक्या गरम पाण्यात ठेवून मेंदूची छायाचित्रं घेतली. ‘त्रास कमी वाटेल’ किंवा ‘जास्त वाटेल’ अशी सूचना दिली की वेदनेच्या नकोसेपणाशी जोडलेल्या भागाची हालचाल बदलली. हाताची संवेदना नोंदवणाऱ्या भागात तसा बदल दिसला नाही. चटका तोच, त्याचा जाच वेगळा. अमीर राझ यांचा प्रयोगही असाच. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असला की शाईचा रंग सांगताना आपण अडखळतो. ‘ही अक्षरं तुम्हाला न कळणाऱ्या लिपीतली आहेत’ अशी सूचना मिळाल्यावर जास्त प्रतिसाद देणाऱ्यांचं ते अडखळणं बरंच कमी झालं. म्हणजे संमोहन ही झोप नाही, गुंगी नाही, दुसऱ्याच्या ताब्यात जाणंही नाही. लक्ष एका जागी बांधलं जातं, आजूबाजूचं मागे पडतं आणि सूचना आपसूक घडल्यासारखी वाटते. माणूस सगळं ऐकत असतो, नको असेल तर उठूही शकतो.

उपयोगही आहे, पण मोजका. आतड्यांच्या आयबीएस या दुखण्यावर मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी १९८४ साली संमोहनाचे चांगले निकाल दाखवले आणि आज ब्रिटनची उपचार-मार्गदर्शक तत्त्वंही औषधांनी वर्षभरात गुण आला नाही तर त्याचा विचार करायला सांगतात. वेदना, दाताच्या डॉक्टरची भीती, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग, इथेही मदत होते. सिगारेट सोडण्याबाबत मात्र पुरावा लंगडा आहे. आणि मधुमेह? व्यासपीठावरून ‘गोळ्या हळूहळू सुटतील’ असं सांगितलं गेलं. तिथे तरी कुणीतरी उठून ओरडायला हवं होतं.

असे वर्ग घेणाऱ्यांचं भाषण ठरलेलं असतं. ‘१८४५ साली हुगळीत डॉक्टर एस्डेल यांनी याच शक्तीने शस्त्रक्रिया केल्या.’ केल्या, खरं आहे. त्यासाठी सहायक रुग्णाच्या अंगावरून तासन्‌तास, कधी अनेक दिवस हात फिरवत बसायचे, हे सांगत नाहीत. १८४६-४७ मध्ये भूल देणारे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ती पद्धत का मागे पडली, हेही नाही. ‘अवचेतन मन ९० टक्के, जागृत मन १० टक्के’ हा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. मेंदूतल्या ‘थीटा लहरी’ हा शब्द ऐकू आला की पाकीट आत ठेवा. संमोहनाची म्हणून ओळखता येईल अशी एकच लहर सापडलेली नाही. ६,४९९ च्या ऑडिओत समुद्राच्या आवाजाखाली ‘ऐकू न येणाऱ्या सूचना’ आहेत म्हणे. अमेरिकेत १९९१ साली ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशाच कॅसेट तपासल्या. काहींची लेबलं मुद्दाम अदलाबदल केली, स्मरणशक्तीच्या कॅसेटवर आत्मविश्वासाचं लेबल. लोकांना लेबलाप्रमाणे सुधारणा ‘वाटली’. चाचण्यांत काहीही निघालं नाही.

आणि ते दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलेलं ताठ शरीर! खांद्याखाली एक खुर्ची, पोटऱ्यांखाली दुसरी. धडधाकट माणूस हे संमोहनाशिवायही करू शकतो. वर कुणी उभं राहिलं तर पाठ मात्र खरोखर जाऊ शकते.

गतजन्माचा वर्ग तर शुद्ध लूट. प्रश्नांची यादी छापील: ‘पायात काय आहे? जमीन कशी आहे? तुम्हाला कोण हाक मारतंय?’ अर्धवट तंद्रीतल्या कुणालाही हे विचारलं तर गोष्ट तयार होते. संमोहनात आठवणी जास्त अचूक होत नाहीत, त्यांच्यावरचा विश्वास तेवढा वाढतो. म्हणून तर अमेरिकेतल्या अनेक राज्यांची न्यायालयं संमोहनातून आलेली साक्ष मानत नाहीत. आमच्या वर्गात पेशवाईतले सरदार निघाले, त्यांच्या बायका निघाल्या. पाणी वाहणारा पखालजी एकही नाही. साल विचारलं तर सगळे इसवी सन सांगत होते. पेशवाईतल्या माणसाला शक ठाऊक नसावा? हे तिथे सुचलं नाही, याची लाज वाटते.

‘केंद्र सरकारमान्य’ म्हणून दाखवतात तो कागद नोव्हेंबर २००३ च्या आरोग्य मंत्रालयाच्या आदेशाचा असतो. त्यात संमोहनाला स्वतंत्र वैद्यकशास्त्र म्हणून मान्यता नाही. नोंदणीकृत किंवा योग्य प्रशिक्षित माणसाने वापरायची पद्धत, इतकंच. मान्यता नसलेल्या शाखांनी पदव्या वाटू नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त शास्त्रांच्या व्यावसायिकांनीच लावावी, हेही त्यातच आहे. ते पान भिंतीवरच्या फ्रेममध्ये नसतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक मागा. होलोग्रामचं प्रमाणपत्र छापखान्यात मिळतं.

आता सरकारी यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘तुम्ही स्वखुशीने दिलेत ना? मग दिवाणी मामला.’ नंतर दुसऱ्या साहेबांना कल्पना सुचली, ‘संमोहित करून पैसे काढले असं लिहा, मग बघता येईल.’ खोटं लिहायचं? आम्ही पूर्ण शुद्धीत फॉर्म भरला होता, पिन स्वतः टाकला होता. तक्रार होती ती खोट्या आश्वासनांची, नसलेल्या मान्यतेची, जीएसटीच्या नावाखाली उकळलेल्या १०,८९० रुपयांची. ते लिहून घ्यायला कुणी तयार नाही! ऑनलाइन फसवणुकीच्या खिडकीवर उत्तर मिळालं की पैसे हॉलमध्ये समोरासमोर दिलेत, हे सायबर नाही. डॉक्टरांच्या नोंदणीच्या कार्यालयात गेलो तर ‘तो आमच्याकडे नोंदलेला डॉक्टर नाही, कारवाई कशी करणार?’ अहो, नोंदलेला नाही हीच तर तक्रार आहे! मधुमेहाच्या जाहिरातीवरून १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय जाहिरात कायदा दाखवला, तर एका अधिकाऱ्याचं म्हणणं, संमोहन हे औषधही नाही आणि तावीजही नाही. म्हणजे कायद्याच्या दोन्ही चिमट्यांतून गडी सुटला. प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं आणि शेवटचं टेबल जेवायला गेलेलं असतं.

सहीआधी फॉर्मच्या मागच्या पानाचा फोटो काढा. आमच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत होतं: ‘हा वैद्यकीय उपचार नाही, शुल्क परत मिळणार नाही.’ तोंडी मधुमेह, कागदावर ‘आनंदी जीवन’. चाळीस मिनिटांच्या शिथिलीकरणानंतर लगेच हातात येणारा कोणताही कागद त्या दिवशी भरू नका. त्या वेळी अंग ढिलं आणि मन हो म्हणायच्या तयारीत असतं. त्याला जादू लागत नाही. पैसे व्यक्तीच्या खात्यावर मागितले तर तिथेच थांबा. भाषणाची जाहिरात, व्हॉट्सॲपचे संदेश, ‘बारा वाजेपर्यंत’ची सवलत, सगळं जपून ठेवा, ते दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचे पुरावे आहेत. आणि ज्यांच्या घरात कुणी मनोविकाराच्या गोळ्या घेतंय त्यांनी असल्या हॉलच्या आसपासही फिरकू नये.

निभाव लागला तर ग्राहक आयोगातच लागेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या फोन क्रमांकावर आधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, मग जिल्हा आयोग. दोन वर्षांच्या आत, ऑनलाइनही चालतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदतवाढ देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आमची नोटीस ‘पत्त्यावर इसम आढळला नाही’ या शेऱ्यासह परत आली. हॉटेलच्या त्याच हॉलमध्ये त्याच्या पुढच्या वर्गाचा फलक मात्र लागलेला आहे, प्रवेशिका आता २९९. पुढची नोटीस त्या पत्त्यावर, वर्गाच्या तारखेला, हाती द्यावी असा अर्ज केला आहे.