अलॉटमेंटचा पडीक प्लॉट: खणून काढावा की झाकून ठेवावा?

ब्रिटनमध्ये अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याच्या, प्रतीक्षायादीतून नंबर लागतो, तेव्हा हाती येणारा प्लॉट बहुधा पडीकच असतो. कमरेएवढं गवत, ब्रॅम्बलची काटेरी जाळी, कोपऱ्यात मोडकी शेड. शेजारच्या प्लॉटवाल्यांचे सल्ले दोन टोकांचे असतात. कुणी सांगतं सगळं खणून काढा, कुणी सांगतं काळं प्लास्टिक पसरा आणि वर्षभर थांबा. दोन्ही पद्धती योग्य जागी उत्तम चालतात. कुठली कुठे चालेल, हे मातीखाली कोणती मुळं आहेत त्यावर ठरतं, म्हणून आधी ती बघावीत.

सही करण्यापूर्वी

पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापात 10 पोल, साधारण 250 चौरस मीटर. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येणार असाल, तर अर्धा प्लॉट मागा. 125 चौरस मीटरमध्येही घरासाठी बरीच भाजी येते. शेडवर जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील, तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू किंवा कापू नका, कौन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) कळवा. करारनामा वाचताना दोन गोष्टी शोधा. पहिल्या वर्षात किती भाग लागवडीखाली आणायचा, आणि झाकलेली जमीन लागवडीत धरतात का. काही ठिकाणी धरत नाहीत, आणि मग सगळा प्लॉट झाकून बसलेल्याला तपासणीनंतर नोटीस येते.

खाली काय आहे

प्लॉटवर चार-पाच ठिकाणी फूटभर लांबी-रुंदीचा, खणायच्या दातेरी फोर्कच्या दात्यांइतका खोल खड्डा घ्या.

पांढरी, पेरांची, टोकाला सुईसारखी मुळं वरच्या 10-15 सेंटिमीटरमध्ये जाळ्यासारखी पसरलेली असतील, तर ते काउच ग्रास. वागणूक आपल्या हरळीसारखी, एक पेर राहिलं तरी फुटतं. पण ते उथळ असल्यामुळे खणून निघतं आणि झाकूनही मरतं.

जाड, पांढरी, ठिसूळ, हात लावताच मोडणारी मुळं खोल खोल जात असतील, तर ते बाइंडवीड. त्यातली शेतातली जात म्हणजे आपल्याकडे रब्बीच्या पिकात येणारी चांदवेल. तिची मुळं दोन मीटरच्याही खाली जातात, त्यामुळे एका हंगामात ती कुठल्याच पद्धतीनं संपत नाही. काळपट-तपकिरी दोऱ्यांसारखी मुळं आणि वर ब्रशसारखे हिरवे कोंब दिसले तर हॉर्सटेल. तिचीही गोष्ट तीच.

डॉक या रुंद पानांच्या तणाचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, पण पुन्हा फुटतो तो फक्त वरचा वीतभर भाग. तेवढा अखंड निघाला की पुरे, खालचं टोक मोडलं तरी चिंता नको. पिवळी मुळं नेटलची, म्हणजे हात लागताच आग करणाऱ्या तणाची. ती उथळ असतात, आणि माती सकस असल्याचं सांगतात.

बांबूसारख्या पोकळ, लालसर ठिपक्यांच्या काड्या दिसल्या, तर जपानी नॉटवीडचा संशय धरा. तिथे काहीच खणू नका, लगेच कौन्सिलला सांगा.

खणणं

यासाठी स्पेड (सपाट पात्याचं फावडं) नको, फोर्क हवा. स्पेड मुळं कापते आणि एकाची दहा करते. फोर्कनं माती सैल करून मुळं ओढून काढायची, हातानं निवडायची. काउचनं भरलेली 8-10 चौरस मीटर जमीन नीट साफ करायला एका माणसाचा पूर्ण दिवस जातो. पूर्ण प्लॉटचा हिशेब यावरून करा.

लंडन आणि आसपासच्या चिकणमातीत वेळ फार महत्त्वाची. माती ओली असताना खणलं तर तिच्या विटा होतात, कडक उन्हाळ्यात फोर्कच आत जात नाही. वाफसा आल्यावरच हात घाला. मूठभर माती दाबून बोटानं ढकलल्यावर गोळा फुटला, तर खणायला हरकत नाही. फायदा असा की खणलेल्या भागात त्याच वसंतात पेरणी होते. तोटाही आहे. खोलवर निजलेलं तणाचं बी वर येऊन उजेड बघतं, आणि तीन आठवड्यांत नवं हिरवं पांघरूण तयार होतं. दर आठवड्याला खुरपणी करायची तयारी नसेल, तर खणलेली मेहनत पाण्यात जाते.

झाकणं

झाकल्यानं तण मरतं ते उपासमारीनं. म्हणून तण वाढू पाहतं त्याच काळात अंधार हवा. नोव्हेंबरात टाकून मार्चमध्ये काढलेलं प्लास्टिक बारमाही तणाचं फारसं काही बिघडवत नाही, ते तेव्हा झोपलेलंच असतं. काउचसाठी मार्च ते ऑक्टोबर असा पूर्ण हंगाम धरा, बाइंडवीडसाठी किमान दोन, आणि त्यानंतरही थोडं उरेल हे गृहीत धरा. ते कडेकडेनं सरकत उजेड शोधतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी कडा तपासून बाहेर आलेले कोंब उपटा.

शीट जाड, अपारदर्शक घ्या. शेतकरी सायलेजवर (साठवून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर) घालतात ती चालते. आधी गवत छाटा, ब्रॅम्बल फूटभर ठेवून कापा आणि बुंधे खणून काढा, नाहीतर शीट फाटते. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, त्या काळात दाट जाळी आधी नीट तपासा. माती ओली असताना झाका. कडा 15 सेंटिमीटर चरात पुरा, नुसत्या विटा ठेवल्या तर पहिल्या वादळात शीट शेजाऱ्याच्या प्लॉटवर जाते. जुना गालिचा वापरू नका. बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे, आणि त्याचे कृत्रिम धागे मातीत राहतात.

पुठ्ठा आणि कंपोस्ट हा याचाच जलद प्रकार. ब्रिटिश बागकाम-लेखक चार्ल्स डाउडिंग यांनी न खणता शेती करण्याची पद्धत लोकप्रिय केल्यापासून अनेकजण याच वाटेनं जातात. चिकटपट्ट्या काढलेला पुठ्ठा वीतभर एकमेकांवर चढवायचा, त्यावर 15 सेंटिमीटर कंपोस्ट, आणि लगेच लावणी. अडचण प्रमाणाची आहे. 1.2 गुणिले 3 मीटरच्या एका वाफ्याला 540 लिटर, म्हणजे 50 लिटरच्या जवळपास 11 पिशव्या लागतात. एक-दोन वाफ्यांना छान, अख्ख्या प्लॉटला खिसा रिकामा.

घोड्याच्या लिदीचं खत फुकट मिळालं तरी आधी तपासा. त्यात अमिनोपायरॅलिड या तणनाशकाचा अंश असू शकतो. एका कुंडीत खत मिसळून, दुसरीत न मिसळता ब्रॉड बीन (बाकला) पेरा. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं वळून नेच्यासारखी झाली, तर ते खत घेऊ नका.

बाकीचे दोन पर्याय

रोटाव्हेटर: काउच किंवा बाइंडवीड असेल तर अजिबात नको. प्रत्येक तुकड्याचं नवं रोप होतं. ग्लायफोसेट हे तणनाशक: करारात मनाई नसेल तरच, आणि बाइंडवीडला फुलावर असताना. हॉर्सटेलवर त्याचा परिणाम तोकडा पडतो.

मग काय निवडावं

आमचा कौल मिश्र पद्धतीला. शेडजवळचा, पाण्याजवळचा चतुर्थांश भाग खणा, उरलेला झाका. त्यातही बाइंडवीडचा कोपरा झाकणीत ठेवा आणि काउच-डॉकचा भाग खणायला घ्या. खणलेल्या भागात मार्चअखेर-एप्रिलमध्ये बटाटे लावा. बटाटा जमीन साफ करतो असं म्हणतात, खरं काम करतात ती भर देताना आणि काढताना होणारी खणणी अन् पानांची सावली. एप्रिल-मेमध्ये मेथी आणि कोथिंबीर, पण जूनच्या लांब दिवसांत कोथिंबीर फुलोऱ्यावर जाते, तेव्हा पुढची पेरणी ऑगस्टात. लाल माठाला ऊब लागते, जूनपर्यंत थांबा. झाकलेल्या भागातही शीटला भोक पाडून, थंडीचा कडाका संपल्यावर, मेअखेरीस लाल भोपळा लावता येतो. त्याचे वेल शीटवर पसरतात.

काढलेली मुळं नेहमीच्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. झाकण असलेल्या बादलीत पाण्याखाली दीड-दोन महिने बुडवून, पूर्ण कुजून चिखल झाल्यावरच ढिगावर ओता.