जुनी लस, नवा विषाणू: देवीची लस आणि बीसीजी

नागपुरात महाल-इतवारीतील साठी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण दिसतो, तर त्यांच्या नातवंडांना जन्मतःच बीसीजी टोचली जाते. देवी आणि एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) यांचे विषाणू एकाच कुळातील असल्याने देवीच्या लसीने घडवलेली प्रतिपिंडे एमपॉक्सलाही ओळखतात; आफ्रिकेतील जुन्या निरीक्षणांत हे संरक्षण सुमारे ८५ टक्के आढळले होते, मात्र वर्षे सरतात तसे ते ओसरू शकते. बीसीजी मुळात क्षयाच्या जीवाणूविरुद्धची लस आहे आणि कोरोनाबाबत तिच्यावरची आशा केवळ जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे कोणत्याही जंतूला तोंड देणारी शरीराची पहिली फळी, सजग होण्यावर टेकलेली होती. ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. परंतु आरोग्य कर्मचाऱ्यांवरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बीसीजीने कोरोनाचा धोका कमी केल्याचे दिसले नाही.