बीकॉमनंतर नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) : नागपूरच्या धरमपेठेतली वीकेंड बॅच कशी आहे?

पदवीधरांसाठीची ही बॅच शिकवण्यात चांगली आहे, सल्ल्यात कच्ची. काउंटरवर "पदवी आहे नं, मग चालते" असं सांगतात. चालत नाही. नीट-यूजीला पदवीचे गुण धरत नाहीत. बारावीचं भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. खुल्या प्रवर्गाला पीसीबीत (भौतिक, रसायन, जीव मिळून) ५० टक्के, राखीवला ४०. राहिलेले विषय एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, देता येतात (विषय कोड : भौतिक ३१२, रसायन ३१३, जीव ३१४). प्रात्यक्षिक बुडवू नका, त्यात वेगळं पास व्हावं लागतं. वयाची वरची अट नाही, हे मात्र खरं सांगतात.

रसायन उत्तम. पीएचचं (आम्लतेच्या मापाचं) गणित घ्यायच्या आधी सर लॉग (लॉगरिदम) शिकवतात. २ चा लॉग ०.३, ३ चा ०.४८, एवढं पाठ असलं की बरीच गणितं निघतात. कॉमर्सवाल्याचं घोडं नेमकं इथंच अडतं. भौतिकात मात्र व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) एका रविवारात उरकतात, आणि मग उतारावरचा ठोकळा आला की mg चे (वजनाचे) घटक कुणालाच पाडता येत नाहीत. साइन कुठे, कोसाइन कुठे, इथेच गुण जातात.

टेस्ट खऱ्या पेपरसारखी : १८० प्रश्न, १८० मिनिटं, चुकीला वजा एक. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, तरी त्याला आठवड्यात एकच तास! एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं घरीच घोटावी लागतील.

पूर्ण फी एकदम भरू नका. आधी भौतिकाचे दोन तास बसून बघा.