अबटमेंट: ओरिजिनल की कंपॅटिबल?

दाताच्या मुळाच्या जागी घातलेला इम्प्लांट हाडात पक्का बसला, की लॅबचा फोन येतो: "डॉक्टर, अबटमेंट (इम्प्लांट आणि वरचा कृत्रिम दात यांना जोडणारा भाग) इम्प्लांटच्या कंपनीचंच मागवू की कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं त्यावर बसणारं, चालेल?" दरात फरक मोठा, त्यामुळे पेशंटही विचारतोच.

इम्प्लांटच्या माथ्यावर बाहेरून षट्कोन असलेली जुनी, ब्रॉनेमार्क पद्धतीची जोडणी असेल, तर चांगल्या कारखान्याचं कंपॅटिबल मी वापरतो. षट्कोन २.७ मिमी रुंद, ०.७ मिमी उंच. माप जगजाहीर आहे. अबटमेंट इम्प्लांटच्या आत शिरतं त्या शंकूच्या जोडणीत मात्र ओरिजिनलच. तिथे कोन किंचित चुकला तरी भाग नीट टेकत नाही, बारीक हालचाल सुरू होते आणि अबटमेंट धरून ठेवणारा स्क्रू सैल पडतो. ती फट एक्स-रेत दरवेळी दिसेलच असं नाही.

खरी ग्यानबाची मेख स्क्रूत आहे. अबटमेंट एकाचं, स्क्रू दुसऱ्याचा, ही सरमिसळ नकोच. ३५ न्यूटन-सेंटिमीटरने आवळा म्हणतात, ते त्याच स्क्रूपुरतं. एकदा तुटलेल्या स्क्रूचं टोक काढायला माझे दोन तास गेले. वाचवलेले पैसे तिथेच गेले.

आणि ओरिजिनल घेतलं तरी पाकिटावरचा लॉट नंबरचा (माल कोणत्या खेपेतला, त्याचा) स्टिकर केसपेपरवर चिकटवा. पाकीट आधीच फोडलेलं आलं, तर सरळ परत पाठवा.