स्वस्त संचातली ‘शँडी’ आणि गायब झालेलं कोरं पान

अठराव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा स्वस्त पेपरबॅक संच घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. परवा ‘क्लॅरिसा’ पाठीतून उसवली. ५३७ पत्रांतून सांगितलेल्या कादंबरीचं धूड नुसत्या गोंदावर किती तग धरणार! ते सेलोटेपवर निभावलं. डोकं फिरलंय ते ‘ट्रिस्ट्रम शँडी’मुळे.

त्यातलं यॉरिक हे पात्र मेल्यावर लेखक स्टर्नने अख्खं पान काळं केलं. तिसऱ्या खंडात (१७६१) अबरीचं (संगमरवरासारख्या नक्षीचं) रंगीत पान घातलं, तेही हाताने केलेलं, म्हणजे कुठल्याही दोन प्रती सारख्या नाहीत. सहाव्यात विधवा वॅडमन या पात्राचं चित्र वाचकानेच काढावं म्हणून पान कोरं सोडलं. माझ्या प्रतीत अबरीच्या जागी करडा डाग आणि कोरं पान गायब! ‘चित्र काढा’ म्हणतो आणि लगेच लेखक त्या न काढलेल्या चित्राची तारीफ करायला लागतो. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘सर, मजकूर तर सगळा आहे ना?’ परत घ्यायची मुदतही संपलेली.

‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) कुठल्याही छपाईत चालते. तो नशिबातलं चांगलं-वाईट जमाखर्चासारखं मांडतो, ते रकाने शाबूत आहेत. रिचर्डसनच्या ‘पामेला’त (१७४०) मोलकरीण पामेला मालकाच्या हाती लागू नयेत म्हणून आपली पत्रं कपड्यांच्या आत शिवून घेते, हे भारी; पण मग त्याच मालकाशी लग्न करते आणि पुढे उपदेश काही संपत नाही. फील्डिंगने १७४१ मध्ये ‘शमेला’ लिहून तिची टर उडवली, ती वाचून मी पुरता त्याच्या बाजूचा झालो. रिचर्डसन म्हणजे नुसतं पाल्हाळ.

त्याच्याच ‘क्लॅरिसा’ची सुटी पानं लावताना मात्र मत फिरलं. खलनायक लव्हलेस क्लॅरिसाला तिच्या मैत्रिणीने लिहिलेलं पत्र मधल्यामध्ये पळवतो आणि जिथे जिथे सूड घ्यायचा, तिथे समासात बोट दाखवणारे हात काढतो. त्याने केलेल्या अत्याचारानंतर क्लॅरिसा जे कागद खरडते, त्यातल्या एकावर ओळी वाकड्यातिकड्या, कडेकडेने. रिचर्डसन लंडनचा छापखानेवाला होता, ते इथे दिसतं, आणि तेही स्टर्नच्या दहाएक वर्षं आधी! जुन्या आवृत्तीचं स्कॅन शेजारी ठेवून पाहिलं, तर आमच्या संचात हात नाहीतच आणि ओळी शाळकरी पोरांसारख्या सरळ रांगेत.

घ्यायचाच तर यातला ‘टॉम जोन्स’ (१७४९) सुटा घ्या. १८ भाग, प्रत्येकाच्या सुरुवातीला लेखकाच्या गप्पा. पानात बिघडवण्यासारखं काही नाही. ‘शँडी’ मी रद्दीवाल्यांकडे शोधतोय. अबरी रंगीत असेल तर तीनशेपर्यंत जायची तयारी आहे.