जॉन्सननं लिहिलेलं मिल्टनचरित्र: कोणती आवृत्ती घ्यावी, कुठून वाचावं

लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी 1777 मध्ये समीक्षक सॅम्युअल जॉन्सनला एक काम दिलं. इंग्रजी कवींच्या संग्रहांना जोडायला छोट्या प्रस्तावना हव्या होत्या, आणि जॉन्सननं मागितले दोनशे गिनी. 1779 आणि 1781 अशा दोन टप्प्यांत 52 कवींवरचे लेख छापून झाले, तेव्हा कित्येक प्रस्तावनांची स्वतंत्र चरित्रंच झाली होती. त्यांतलं सतराव्या शतकातला कवी जॉन मिल्टन याच्यावरचं चरित्र सगळ्यात जास्त भांडणं लावणारं. गोव्यात इंग्रजी साहित्याचं एम.ए. करणाऱ्यांनी आणि मराठीत समीक्षा लिहिणाऱ्यांनी ते मुळातून वाचायलाच हवं. मार्गदर्शक पुस्तिकांत येणारी चार अवतरणं पुरत नाहीत, कारण त्यांत निर्णय तेवढा उरतो आणि त्यामागचा युक्तिवाद गळून पडतो.

रचना सरळ तीन भागांची आहे: आधी आयुष्य, मग स्वभाव आणि दिनक्रम, शेवटी एकेका कृतीचं परीक्षण. पहिल्या वाचनात हा क्रम पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्याच्या भागात जॉन्सनचं राजकारण पानोपानी आडवं येतं. तो राजनिष्ठ, चर्चनिष्ठ टोरी. मिल्टननं राजाला देहदंड देणाऱ्यांची बाजू लेखणीनं लढवलेली. तिथून सुरुवात केली की वाचक चिडतो आणि शेवटचा भाग पूर्वग्रह धरूनच वाचतो. म्हणून आधी ‘पॅरडाइज लॉस्ट’ या मिल्टनच्या महाकाव्यावरचं परीक्षण वाचावं, मग लहान कवितांवरचं, आणि आयुष्य सगळ्यात शेवटी.

त्या परीक्षणाला इंग्रजी समीक्षेत तोड कमी. जॉन्सन महाकाव्याची कसोटी एकेक घेतो: बोधाचा गाभा, कथानक, पात्रं, अद्भुताचा वापर, भाषा. आराखड्याच्या दृष्टीनं मानवी बुद्धीच्या निर्मितीत या काव्याला तो पहिलं स्थान देतो, सिद्धीच्या दृष्टीनं दुसरं. लगेच दोषही मांडतो. आदम आणि ईव्ह ज्या अवस्थेत आहेत ती कुठल्याच माणसानं अनुभवलेली नाही, त्यामुळे मानवी जिव्हाळ्याची उणीव सतत जाणवते. देवदूत कधी निराकार, तर कधी चिलखताखाली चिरडले जाणारे. कवीनं एकच काय ते ठरवलेलं नाही. पाप आणि मृत्यू ही रूपकं प्रत्यक्ष पूल बांधू लागतात तिथे रूपक मोडतं. हे काव्य आणखी लांब असतं तर बरं, असं कुणालाच वाटलं नाही, हे त्याचं विधान फार गाजलं. पण ते विधान ज्या परिच्छेदात येतं तो स्तुती आणि थकवा दोन्ही शेजारीशेजारी ठेवतो. सुटं काढलं की त्याचा अर्थच बदलतो.

निर्यमक छंदावरची चर्चा गोव्यातल्या मराठी वाचकानं थांबून वाचावी. इंग्रजी ओळीचं संगीत कानावर इतकं हलकं पडतं की यमकाचा आधार नसेल तर ते विरून जातं, असा जॉन्सनचा दावा आहे. ओवीत वाढलेल्या कानाला तो पटकन पटतो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजानं बायबलची कथा रायतूरला 1616 मध्ये मराठी ओवीत छापली, ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या 51 वर्षं आधी. ‘क्रिस्तपुराणा’तली आदमाच्या पतनाची ओवीबद्ध कथा आणि मिल्टनचा तोच प्रसंग मोठ्यानं वाचून पाहावा. ओवीत प्रत्येक चार चरणांनी श्वास मिळतो. मिल्टनचं वाक्य मात्र आठदहा ओळी ओलांडून जातं, आणि ओळीचा शेवट कानाला कळत नाही. जॉन्सनला नेमकं हेच खटकतं. तरीही मिल्टननं यमकं जुळवायला हवी होती असं म्हणायला त्याचं मन धजत नाही, आणि हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे.

‘लिसिडस’ या मिल्टनच्या शोककवितेवर मात्र तो साफ चुकतो. खरं दुःख असं मेंढपाळांच्या सोंगात आणि पुराणकथांत रमत नाही, हा त्याचा आक्षेप. पण ती कविता एका मृत सहाध्यायाइतकीच कवीच्या स्वतःच्या अपुऱ्या आयुष्याच्या भीतीबद्दल आहे, आणि ते त्याला ऐकू आलं नाही. सॉनेटांनाही तो अशीच घाईत बाहेरची वाट दाखवतो.

आयुष्याचा भाग वाचताना शेजारी सनावळी ठेवावी: 1638-39 इटलीचा प्रवास, 1642 पहिला विवाह, 1644 मुद्रणस्वातंत्र्यावरची पुस्तिका, 1649 सरकारी सचिवपद, 1652 पूर्ण अंधत्व, 1660 राजसत्तेचं पुनरागमन, 1667 ‘पॅरडाइज लॉस्ट’. देशाच्या हाकेला इटलीहून धावून आलेला माणूस घरी शाळा चालवत बसला, असा टोमणा जॉन्सन मारतो. 1641-42 मध्ये मिल्टननं बिशपांविरुद्ध पाच पुस्तिका लिहिल्या, हे लक्षात असलं की त्या टोमण्याचं वजन कळतं. जॉन्सननंही एडियल या गावी शाळा काढली होती आणि ती चालली नाही, हेही माहीत असावं. केंब्रिजमध्ये मिल्टनला छडी बसल्याची गोष्ट ऐकीव आधारावर आहे. परीक्षेत ती तथ्य म्हणून लिहू नये. विल्यम लॉडरनं बनावट उतारे जोडून मिल्टनवर वाङ्मयचौर्याचा आळ घेतला, तेव्हा त्या पुस्तकाची प्रस्तावना जॉन्सनची होती. बनाव उघड झाल्यावर लॉडरचा कबुलीजबाबही जॉन्सननंच सांगून लिहवला. 1750 साली मिल्टनच्या गरीब नातीच्या मदतीसाठी झालेल्या नाट्यप्रयोगाला त्यानं नांदी लिहून दिली. वैर होतं ते मतांशी, हे यावरून दिसतं.

आता आवृत्त्या. रॉजर लॉन्सडेलची 2006 ची चार खंडांची ऑक्सफर्ड आवृत्ती सर्वोत्तम, पण किंमत ग्रंथालयांनाच झेपणारी. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा ताळगावच्या विद्यापीठात आधी चौकशी करावी. स्वतःसाठी त्याच संहितेवरची 2009 ची ऑक्सफर्डच्याच वर्ल्ड्स क्लासिक्स या मालिकेतली निवड घ्यावी. मिल्टन तिच्यात आहे, टिपा आटोपशीर आहेत. जुनी कापडी बांधणीची प्रत घेतली तर पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नये, बुरशी धरते.

फुकट हवं असेल तर बर्कबेक हिलची 1905 ची तीन खंडांची आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवर आहे. मिल्टन पहिल्या खंडात. तिच्या टिपांत आधीच्या चरित्रकारांची साक्ष तिथल्या तिथे मिळते. मात्र पानांची छायाचित्रंच वाचावीत. यंत्रानं उतरवलेल्या मजकुरात टिपा आणि मूळ मजकूर एकमेकांत घुसतात. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरची हेन्री मॉर्लीची आवृत्ती मोबाइलवर सुखानं वाचता येते, पण तिच्यात टिपाही नाहीत आणि परिच्छेदांना क्रमांकही नाहीत. प्रबंधात संदर्भ द्यायचा असेल तर वाचन तिच्यात करावं आणि परिच्छेद क्रमांक हिलमधून उतरून घ्यावेत.